थांबण्याची खूण

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी हेमांगीने चहा करायला घेतला. तिचा नवरा श्रीरंग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. तिने कपात साखर घातली, कपावर गाळणी ठेवली, गाळणीत कोरडी चहापूड टाकली आणि तो कप तसाच उचलून गॅसवर ठेवायला गेली. गॅस पेटलेला नव्हता. ती थांबली. काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं. काय चुकतंय ते कळत नव्हतं.

"हा कप आहे," ती म्हणाली. "ही गाळणी. ही पूड. सगळं ओळखीचं आहे रे. पण आधी काय?"

"आधी पातेलं."

तिने पातेलं घेतलं आणि ते गाळणीवर ठेवून दिलं. मग हळूच खाली उतरवलं, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तूच कर बाबा."

महिन्याभरापूर्वी तिच्या मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. उपचार वेळेत झाले. बोलणं शाबूत राहिलं, हातांतली ताकद राहिली, माणसं ओळखू येत होती. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण मेंदूत कानाच्या वर, जरा मागच्या बाजूला, कामांचे आराखडे साठवलेले असतात. हात हलवणं ही एक गोष्ट, वस्तू ओळखणं दुसरी, आणि कोणत्या वस्तूचं कधी काय करायचं, ही तिसरी. हेमांगीची ही तिसरी गोष्ट गेली होती. ब्लाउज अंगात घालायचा असतो आणि बटणं लावायची असतात हे तिला माहीत होतं. पण ती आधी बटणं लावून टाकायची आणि मग ब्लाउज हातात धरून बसायची.

हेमांगी मुळीक मधमाश्या पाळायची. साताऱ्याहून मेढ्याकडे जाताना एका डोंगरउतारावर तिच्या आणि फरांदेकाकूंच्या भागीत मधपेट्या होत्या. सकाळच्या पहिल्या विजेवरच्या एस.टी.ने ती जायची आणि दुपारी धुराचा वास घेऊन परत यायची. जाळीशिवाय पेटी उघडू शकणारी बाई म्हणून त्या भागात तिचं नाव होतं. आता ती स्वतःच्या घरात, ओट्यापाशी अडकली होती. मुलगी स्वरा बंगळुरूहून आली, होती नव्हती ती सगळी रजा संपवून रडत परत गेली. घरात दोघंच उरली.

मग थेरपिस्ट शगुफ्ता मुलाणी ती पट्टी घेऊन आली.

पट्टी कपाळावर बांधायची. तिला बारीक कॅमेरा होता, कानाशी बोलणारं एक बोंड होतं, आणि आतल्या बाजूला मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारे चकत्यांसारखे ठिपके होते. माणूस काय करायला निघालाय हे पट्टी ओळखायची, त्या कामाची फाइल उघडायची आणि एकेक पायरी कानात सांगायची. एक पायरी पुरी झालेली कॅमेऱ्याला दिसली की पुढची.

"कंपनीने पाचशेवर कामांच्या फायली दिल्यात, हेमांगीताई," शगुफ्ता म्हणाली. "चहापासून सुरुवात करू."

कानात एक गोड बाई बोलायला लागली. आवाज श्रीरंगलाही ऐकू येत होता. "पातेले घ्या. पातेल्यात एक कप पाणी ओता. पातेले शेगडीवर ठेवा."

हेमांगीचे हात चालायला लागले. आधी बिचकत, मग सरळ. चहा झाला. तिने कप श्रीरंगपुढे ठेवला. त्याने घोट घेतला.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

"चहासारखा."

"माझ्यासारखा नाही झालेला," ती घोट घेऊन म्हणाली. "आणि ही बाई कोण? पातेले काय, शेगडी काय. माझ्याच घरात मला अहो-जाहो करतेय."

त्या संध्याकाळी श्रीरंगने शगुफ्ताकडून फायलींचा पासवर्ड घेतला आणि चहाची फाइल उघडली. बघता बघता त्याला हसू आलं. हे त्याचंच काम होतं.

गेली वीस वर्षं तो एका कारखान्यात दुधाच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत होता. लिहीत होता म्हणजे, मजकुराला खुणा घालत होता. ही 'पूर्वतयारी', ही 'कृती', हा 'धोका', हा 'परिणाम'. प्रत्येक वाक्य कुठल्या जातीचं आहे ते खुणेनं सांगायचं, एवढंच. अक्षर लाल की काळं, ठळक की बारीक, हे त्या फाइलीत कुठेच नसे. ते दुसऱ्या फाइलीत, स्टाइलशीटमध्ये. त्यामुळे एकच मजकूर कागदावर छापता यायचा, पडद्यावर दाखवता यायचा, बेळगावच्या डेअरीत कानडीत ऐकवता यायचा. स्टाइलशीटमध्ये एक ओळ बदलली की हजार पानांवरचे सगळे 'धोके' एका क्षणात लाल व्हायचे. नवीन पोरांना तो सांगायचा, आधी हाडं लिहा, कपडे मग चढवता येतात.

पट्टीच्या फायली तशाच होत्या, फक्त एक पाऊल पुढे गेलेल्या. 'परिणाम' या खुणेतलं वाचून कॅमेरा ठरवायचा की पायरी झाली की नाही. आणि 'कृती' या खुणेत पूर्ण वाक्य नव्हतंच. नुसता धातू होता: उचल, ओत, ठेव. त्याचं उचला होणार की उचल, की उचलावे, हे स्टाइलशीट ठरवत होतं. क्रियापदाचं रूप हेसुद्धा कपड्यांतच मोजलं होतं. कारखान्यात श्रीरंग नेहमी 'झाकण उघडावे' असं लिहायचा. त्या 'उघडावे'मध्ये सांगणारा कोणी नसतो, ऐकणाराही नसतो. यंत्रासाठी ते बरं होतं.

त्याने हेमांगीला शेजारी बसवलं. "तुझा चहा सांग. क्रमाने नको. जे आठवेल ते."

"आलं ठेचून. किसून नाही. दूध उतू जाऊ द्यायचं नाही, पण यायला लागलं की बघायचं. आणि पूड शेवटी."

"शेवटी म्हणजे दुधानंतर?"

ती विचारात पडली. "माहीत नाही. तू प्यायलायस ना इतकी वर्षं. तूच आठव."

तो आठवत बसला. इतकी वर्षं समोर ठेवलेला कप त्याने उचलला होता. तो कसा होतो हे बघितलं नव्हतं. शेवटी त्यानेच तीन वेळा करून पाहिला. तिसऱ्या वेळी ती चव घेऊन म्हणाली, "हां, हा." मग त्याने पायऱ्या लिहिल्या, खुणा घातल्या, आणि स्टाइलशीटमध्ये दोन ओळी बदलल्या. एक म्हणजे रूप: उचला नाही, उचल. दुसरी आवाज. त्या गोड बाईच्या जागी त्याने स्वतःचा आवाज घातला. दहा मिनिटं वाचून दाखवलं की यंत्र आवाज शिकून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी त्याचाच आवाज तिच्या कानात म्हणाला, "आलं ठेच."

हेमांगी हसली. "बरं," म्हणाली, आणि आलं ठेचलं.

पुढचे काही आठवडे श्रीरंगला आपण आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं लिहितोय असं वाटत होतं. अंघोळ, कपडे, भाकरी, कुंड्यांना पाणी, वॉशिंग मशीन, दाराचं कुलूप. तो कामावरून यायचा आणि लिहायला बसायचा. त्याच्या फायलींत फट नसायची. पाऊल कुठे ठेवायचं, कोणत्या हातात काय धरायचं, सगळं. हेमांगी घरात एकटी राहू लागली. फरांदेकाकू येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तू तर आमच्यापेक्षा टापटीप झालीस."

हेमांगी कानातल्या पुढच्या पायरीकडे वळली.

संध्याकाळी ती कमी बोलते हे श्रीरंगच्या लक्षात आलं होतं. थकत असेल, असं त्याने धरून चाललं.

एका रविवारी तो बाहेरच्या खोलीत फोनवर होता. कारखान्यातला एक नवा मुलगा यंत्र उघडून अडकला होता. श्रीरंगने त्याला सवयीने सांगायला सुरुवात केली. "आधी झाकण उघड. उघडलंस? आता नळी काढ. बाजूला ठेव. नाही नाही, जोर लावून ओढ."

आतून पाण्याचा आवाज आला.

तो धावत गेला. मोरीत वॉशिंग मशीनचं झाकण उघडं होतं. मशीनची नळी ओढून काढून नीट बाजूला ठेवलेली होती, आणि नळातून पाण्याची धार जमिनीवर पडत होती. हेमांगी पाण्यात उभी होती. तिच्या कपाळावर पट्टी नव्हती. ती आत खुंटीला टांगलेली होती.

त्याने नळ बंद केला. "काय झालं गं?"

"तूच म्हणालास," ती म्हणाली.

"मी फोनवर बोलत होतो."

"मला माहीत होतं तू फोनवर बोलतोयस. स्पष्ट कळत होतं. पण हात गेले." तिने हात पुढे करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुझा आवाज आला की ते मला विचारतच नाहीत."

दोघं बराच वेळ पाणी पुसत होती. तिला फडकं पिळायचा क्रम लागेना. तो सांगणार होता. तोंड उघडलं आणि मिटलं. तिने फडकं तसंच ओलं बादलीत टाकलं.

"एक बोलू?" ती म्हणाली. "राग मानू नकोस. दिवसभर तू माझ्या कानात असतोस. ऊठ, घे, ठेव, पूस. मग तू खरोखर घरी येतोस, 'चल जेवूया' म्हणतोस, आणि मला वाटतं, आणखी एक पायरी आली. परवा तू माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणालास, झोप आता. मी झोपले. मला झोपायचं नव्हतं, श्री. मला तुझ्याशी बोलायचं होतं."

श्रीरंग ओल्या जमिनीवरच बसला. ती कोणाचंच न ऐकणारी बाई होती. त्याचंही ती ऐकायची नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने तिला माश्या सोड म्हणून सांगितलं होतं, आणि तिने त्याच आठवड्यात दोन पेट्या आणखी आणल्या होत्या. त्या बाईच्या हातांना त्याने आपल्या आवाजाची सवय लावली होती, आणि प्रेमानेच लावली होती.

"आवाज काढून टाकतो," तो म्हणाला. "परत ती बाई घालू?"

"ती नको."

"मग कोणाचा?"

हेमांगीने थोडा विचार केला. "माझा असतो का?"

यंत्राला काय, कोणाचाही आवाज चालत होता. तिने दहा मिनिटं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. अडचण पुढे आली. तिचाच आवाज तिला 'उचल' म्हणू लागल्यावर ती वैतागली. "मी मलाच कशी दटावेन?" श्रीरंग स्टाइलशीटकडे बघत बसला. रूपांच्या यादीत आज्ञार्थ होता, विध्यर्थ होता. त्याला हवं होतं ते नव्हतं. त्याने एक नवीन ओळ लिहिली: प्रथमपुरुष, एकवचन, स्त्रीलिंग, वर्तमानकाळ.

सकाळी हेमांगीच्या कानात हेमांगीचा आवाज म्हणाला, "मी पातेलं घेते."

ती क्षणभर थबकली. मग स्वतःच, मोठ्याने म्हणाली, "मी पातेलं घेते," आणि घेतलं.

"मी पाणी ओतते."

"मी पाणी ओतते."

पाचव्या-सहाव्या पायरीला दोन्ही आवाज एकत्र यायला लागले. श्रीरंग दारात उभा होता. फाइलीतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. त्याच पायऱ्या होत्या, तोच क्रम. तिची मान मात्र वर होती.

शगुफ्ता पुढच्या वेळी आली तेव्हा तिने पट्टीतल्या नोंदी पडद्यावर काढल्या आणि बघतच राहिली. "सर, इकडे या. हे बघा."

पडद्यावर एक रेघ जात होती आणि जागोजागी तिला छोटा उंचवटा येत होता.

"आपण हात उचलतो ना, त्याच्या किंचित आधी मेंदू तयारीला लागतो," तिने समजावलं. "तो हा उंचवटा. आधी ताईंच्यात तो आवाजानंतर यायचा. आवाज आला, मग तयारी, मग हात. आता इथे बघा. उंचवटा आधी आहे, आवाज नंतर. म्हणजे त्यांच्या त्या निघाल्यात आणि पट्टी मागून येऊन त्यांच्या तोंडचं काढून घेतेय."

"मग पट्टीला थांबता येत नाही?"

"येतं की. थांबण्याचीही खूण आहे. उंचवटा दिसला तर गप्प बसायचं. नाही दिसला तर इतका वेळ वाट बघून मग बोलायचं. तो वेळ लिहिणाऱ्याने घालायचा असतो. कंपनीच्या फायलींत तो शून्य आहे."

"का?"

"दवाखान्यांना काम बिनचूक झालेलं लागतं. थांबलं की चुका होतात, लागतं, भाजतं. पण सर, यांच्यासारख्या पेशंटमध्ये एक गंमत असते. सांगून जे होत नाही ते कधीकधी आपसूक होऊन जातं. त्याला वाट मोकळी ठेवावी लागते. किती ठेवायची, ते मी नाही सांगू शकत."

हेमांगी लगेच म्हणाली, "ठेवा."

श्रीरंगने खूण घातली. कारखान्यात त्याच्या पुस्तिकांची ख्याती अशी होती की वाचणाऱ्याला एकही प्रश्न पडायचा नाही. आता तो मुद्दाम रिकामी जागा लिहीत होता.

चारच दिवसांनी ती भाजली. दूध वर येत होतं, पट्टी थांबली होती, हेमांगीही थांबली होती. दोघी एकमेकींची वाट बघत राहिल्या. मग दूध उतू गेलं आणि तिने फडकं न घेता पातेलं धरलं. श्रीरंग कामावरून आला तेव्हा फरांदेकाकू तिच्या तळव्याला मलम लावत होत्या. तो लॅपटॉप घेऊन बसला.

"काय करतोयस?" हेमांगीने विचारलं.

"शून्य करतोय."

"करू नकोस."

"हात बघितलास का?"

"बघितलाय. माझाच आहे." ती येऊन त्याच्यासमोर बसली. "मला माश्या किती वेळा चावल्या असतील? तेव्हा तू काय शून्य केलं होतंस?"

"तेव्हा तुला येत होतं."

"आधी येत नव्हतं. येईपर्यंत चावल्याच ना?"

काकू मलमाचं झाकण लावत म्हणाल्या, "दुधाच्या तेवढ्या फायलीत शून्य ठेवा आणि बाकीच्यांत वेळ ठेवा. भांडता कशाला?" कारखान्यात असली तडजोड श्रीरंगला कोणी सुचवली असती तर तो चिडला असता. त्याने तसंच केलं. आगीपाशी शून्य, बाकी ठिकाणी थांबायचं. मग तो प्रत्येक पायरीपाशी अडून स्वतःला विचारू लागला: इथे ती चुकली तर काय होईल? शर्ट उलटा होईल. होऊ दे. भाजीत मीठ दोनदा पडेल. पडू दे. त्यांनी त्या महिन्यात पुष्कळ खारट भाज्या खाल्ल्या. हेमांगी आता संध्याकाळी बोलायची, कधी त्याच्याशी भांडायचीही, आणि त्याला बरं वाटायचं.

मार्चअखेर जांभळी फुलल्या. काकूंचा फोन आला की पेट्यांत माश्यांची दाटी झालीय, एकटीने आवरत नाही. हेमांगीने फोन ठेवला आणि श्रीरंगकडे पाहिलं.

"पेटी उघडायची फाइल लिही."

त्याला हे येणार हे माहीत होतं. त्याने कारणं काढली नाहीत. तीन रविवार तो काकूंच्या मागे फिरला, पेटी कशी उघडतात ते बघितलं, लिहून घेतलं. मग हेमांगीला वाचून दाखवलं.

"धूर दिला की लगेच झाकण नाही उघडायचं," ती म्हणाली. "आतला आवाज खाली बसू द्यायचा."

"किती वेळ?"

"बसेपर्यंत."

"हेमा, कॅमेऱ्याला आवाज बसलेला कसा दिसेल?"

"नाही दिसणार. मला ऐकू येईल. तिथे रिकामी जागा सोड."

त्याने सोडली.

त्या सकाळी उतारावर वारा नव्हता. हेमांगीने पट्टी बांधली, वरून जाळीची टोपी घातली. श्रीरंगनेही काकूंची जुनी टोपी चढवली आणि दहा पावलांवर काकूंशेजारी उभा राहिला. तिने स्मोकरमध्ये वाळका पाला पेटवला. पेटीच्या दारापाशी धूर दिला आणि पेटीला कान लावून थांबली. श्रीरंगला पट्टीचा आवाज ऐकू येत नव्हता, पण तिच्या पुटपुटण्यावरून कळत होतं. "मी झाकण उचलते. मी झाकण उलटं ठेवते. मी कडेची चौकट सैल करते." सगळं हळू, पण सरळ. चौकट वर आली. तिच्यावर माश्या लोंबत होत्या. तिने ती उन्हाकडे धरली, पाहिली, परत ठेवली. दुसरी काढली. तिसरी काढली आणि थांबली.

पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याएवढ्या दोन कुप्या लटकत होत्या.

"राणीची घरटी," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "नवी राणी तयार होतेय. आता जुनी निम्म्या माश्या घेऊन उडून जाणार. आजच पेटी वेगळी करायला पाहिजे."

हे श्रीरंगने लिहिलेलं नव्हतं. काकूंबरोबर त्याने पेट्या बघितल्या तेव्हा घरटी कुठेच नव्हती. फाइलीत पुढची पायरी नसली की पट्टी एक ठरावीक वाक्य बोलायची, आणि ते वाक्यही आता त्याच्या स्टाइलशीटमधून जाणार होतं. हेमांगीच्या कानात, हेमांगीच्याच आवाजात, ते काय होऊन ऐकू आलं असेल ते त्याला उभ्या जागी कळलं: पुढचं मला माहीत नाही.

ती चौकट हातात धरून तशीच उभी होती. माश्यांचा आवाज चढत होता. काकूंनी पाऊल उचललं. श्रीरंगने त्यांचा हात धरला. त्याच्या स्वतःच्या तोंडात शब्द तयार होते: ठेव, झाकण लाव, मागे ये. तो बोलला असता तर तिच्या हातांनी ऐकलं असतं. त्याने दात घट्ट मिटले.

"गप गं," हेमांगी म्हणाली. ती कोणाला म्हणाली ते काकूंना कळलं नाही. "मला माहीत आहे."

ती वळली. बाजूला एक रिकामी पेटी होती. तिने तिकडे पाहिलं, हातातल्या चौकटीकडे पाहिलं, आणि चौकट रिकाम्या पेटीत उतरवली. घरट्यांना धक्का लागू नये म्हणून तिरकी धरून, अगदी सावकाश. मग जुन्या पेटीतून माश्यांनी भरलेली आणखी एक चौकट काढून तिच्या शेजारी ठेवली. ती पुटपुटत नव्हती. काकूंनी श्रीरंगकडे बघून मान हलवली: बरोबर आहे.

मग तिचा क्रम सुटला. जुन्या पेटीतून काढलेली पुढची चौकट अजून काठावर आडवी होती आणि तिने तिच्यावरच झाकण दाबलं. काही माश्या चिरडल्या. बाकीच्या भपकन वर उठल्या. काकू स्मोकर घेऊन धावल्या, श्रीरंगही धावला. त्याची टोपी मानेपाशी फाटकी होती हे त्याला तेव्हा समजलं. काकूंनी धूर धरला, त्याने झाकण वर उचलून धरलं, हेमांगीने चौकट सरळ केली. झाकण बसलं. तिघं पळत जांभळीखाली आली.

काकू खाली बसून हसायला लागल्या. "अर्धं काम झालं. राहिलेलं मी बघते. तू ह्यांच्याकडे बघ, आंब्यासारखे सुजणार आहेत." आणि त्या परत पेट्यांकडे गेल्या.

हेमांगीने टोपी काढली, कपाळावरची पट्टी काढून गवतावर टाकली. ती घामाने निथळत होती. "चिरडल्या रे माझ्याकडून," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण घरटी वाचली ना?"

"वाचली."

"बघू मान."

तिने त्याची टोपी उतरवली, कॉलर खाली ओढली. माशीचा काटा चिमटीत धरला की विष आत जातं. तिने धरला नाही. नखाची कड आडवी लावून खरवडून काढला आणि फुंकर मारली. मग दुसरा. आधी काय, मग काय, असं तिने एकदाही विचारलं नाही. श्रीरंग वाकून बसला होता आणि सवयीने त्याच्या डोक्यात खुणा पडत होत्या: कृती, धोका, परिणाम.

तिला ते कसं कळलं कोण जाणे. मानेमागून ती म्हणाली, "हे लिहू नकोस हं."

"नाही लिहीत."

"अजून एक आहे, केसांत. हलू नकोस."

तो हलला नाही.